सुकडी सोडून काहीही

सोमवार, ७ मे १९७३. संध्याकाळी पावणेसहा वाजता शाळेच्या पटांगणात भिमाबाईने लाडूचा तुकडा मोडून तोंडात टाकला, दोनदा चावला आणि ती थांबली. घास तिने गिळला. उरलेला लाडू नाकाजवळ नेऊन हुंगला, मग पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली.

तिच्या शेजारच्या सिताबाईने आपला लाडू चाखला आणि तिनेही तेच केले. दहा मिनिटांत बायकांची सगळी पंगत तशीच वागली. कुणी लाडू फेकला नाही, कुणी आवाज चढवला नाही. बटाट्याचा चिवडा संपला, केळी संपली. लाडू पदरात गेले.

समोरच्या खुर्च्यांवर तुळजापूरहून आलेले नवरदेवाकडचे अकरा जण होते. त्यांनी लाडू खाल्ले. व्याही म्हणाले, "नारायणराव, लाडू फार खमंग झालेत हो. आणखी एक येऊ द्या." विहीणबाईंनीही दुसरा घेतला.

नारायणराव गुरुजी हातात ताट घेऊन पंगत आणि खुर्च्या यांच्या मधोमध उभे होते. त्यांनी पंगतीकडे पाहिले. भिमाबाई उठून त्यांच्याजवळ आली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू बोलली.

"लाडू ग्वाड हाय गुरुजी. मागं बुडालेली आमची सुकडी आज मिळाली, एवढंच."

बेंबळीपासून चार मैलांवरच्या या गावात सुकडी म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नव्हते. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे दुष्काळी काम चालू होते. माती वाहणाऱ्या प्रत्येक मजुराला रोज वाडगाभर सुकडी मिळे. गहू, डाळ आणि शेंगदाणे भाजून दळलेले गोडसर पीठ. बायका अर्धी तिथेच खात, अर्धी पोरांसाठी घरी नेत. आठ महिने गावातल्या दर दहा घरांपैकी आठ घरांत हीच चव होती. गुरुजींच्या घरात ती नव्हती. गुरुजींना पगार होता. त्यांनी, त्यांच्या पत्नी चंद्रप्रभा यांनी किंवा मुलगी सरोजिनीने सुकडी कधी जिभेवर ठेवली नव्हती.

सरोजिनीचे लग्न शनिवारी तुळजापुरात मोजक्या माणसांत झाले. गावासाठी वेगळा कार्यक्रम सोमवारी ठरला होता, कारण कामाची सुट्टी सोमवारी असे. जेवण घालणे शक्य नव्हते. टंचाईमुळे ठरल्या आकड्याहून जास्त पाहुण्यांना धान्याचे अन्न वाढायला बंदी होती, आणि गुरुजींना सगळे गाव बोलवायचे होते. म्हणून चहापान आणि फराळ.

त्याची आखणी गुरुजी तीन आठवडे करत होते. त्यांनी शाळेची एक शंभर पानी वही घेतली. डाव्या पानावर घराघराचे नाव आणि त्या घराला काय चालत नाही ते. उजव्या पानावर पदार्थ, आणि कोणती वस्तू कुणाकडून येणार ते. रोज शाळा सुटली की ते एकेका आळीत जात आणि विचारत.

शांताक्का सत्तरीच्या पुढची, लिंगायत, कांदालसूण वर्ज्य. तिने गुरुजींना उंबऱ्यावरच अडवले. "चिवडा करणार म्हणं. तोंडात एक दात न्हाय माज्या. तुमचा चिवडा म्या काय कपाळाला लावू?"

"तुमच्यासाठी मऊ लाडू करू, अक्का."

"मऊ म्हंजी किती मऊ? माज्या सुनंनं केला व्हता, त्यानं मांजर हाणलं असतं."

गुरुजींनी लिहिले: शांताक्का, दात नाहीत, मऊ लाडू. पुढे लाडूच सगळ्यांना सोयीचा ठरला. म्हातारी माणसे खातील, लेकरे खातील, आणि चिवड्यासारखी त्याने तहान लागणार नाही. गावाला पाण्याचा टँकर एकच येत होता, तोही दिवसाआड.

भीमनगरात भिमाबाई दारात मातीची पाटी दुरुस्त करत बसली होती. तिचा नवरा पिराजी सोसायटीच्या गोदामावर राखणदार होता. सुकडीच्या गोण्या तिथेच उतरत.

"जय भीम गुरुजी. या की. लेकीचं लगीन काढलं म्हणं."

"व्हय. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी यायचं. काय चालतं, काय नाही, ते सांग. लिहून घेतोय."

भिमाबाई हसली. "आजवर आमाला कुणी इचारलं न्हाय बघा. आदी बसायचं कुठं ते सांगा. न्हायतर मागल्या येळंसारखं पाटलाच्या गोठ्यापाशी म्हशीला सोबत म्हणून बसवताल."

"एकच पंगत आहे. सगळ्यांची."

"मग कायबी ठिवा. आमी खाऊ. फकस्त सुकडी ठिवू नगा, पाया पडते. रोज त्येच खाऊन जीभ लाकडाची झाली."

गुरुजीही हसले. त्यांनी तिच्यासमोर लिहिले आणि वाचूनही दाखवले: भिमाबाई पिराजी, सुकडी सोडून काहीही. घरी येऊन त्यांनी ते पान चंद्रप्रभाबाईंना वाचून दाखवले. एकाच पंगतीत सगळे गाव बसणार आणि कुणाच्याही पानात न चालणारा पदार्थ पडणार नाही, असे ते दोनदा म्हणाले.

लाडू दाण्याचे आणि गुळाचे व्हायचे होते. दाणे मिळाले नाहीत. बार्शीच्या बाजारातून केळी आली, बटाटे आले, दाणे आले नाहीत. कार्यक्रमाला चार दिवस उरले होते आणि गावात लाडवाचे सांगून झाले होते.

गुरुवारी, ३ मे रोजी दुपारी आबाराव घरी आला. आबाराव सोसायटीचा चेअरमन, गुरुजींचा जुना विद्यार्थी. सुकडीचे वाटप त्याच्या हाताखाली होते.

"गुरुजी, लाडवाचं माज्याकडं लागलं. भाजलेलं पीठ देतो, डाळं आन् दाणं. निस्तं तुपात वळायचं."

"कुठून मिळालं तुला?"

"तुमी कायबी इचारू नगा. ताईचं लगीन म्हंजी आमच्या घरचंच की."

गुरुजींनी पुन्हा विचारले नाही. तासाभराने त्याचा गडी गोणी टाकून गेला. गोणी उलटी केलेली होती, शिवण बाहेर, छापील अक्षरे आत. गुरुजींनी ते पाहिले. चंद्रप्रभाबाईंनी मूठभर पीठ हातावर घेतले, बोटांनी चोळले.

"यात गहू आहे. तुम्ही तर धान्य चालत नाही म्हणत होता."

"आबाराव डाळं म्हणाला."

"पीठ मला कळतं. कुठलं आहे हे? विचारलंत का?"

"त्यानं आपण होऊन दिलंय. वेलदोडा जरा जास्त घाल."

त्यांनी वहीत उजव्या पानावर लिहिले: लाडू, पीठ आबाराव, तूप घरचे, वेलदोडे तुळजापूर. ही नोंद त्यांनी सवयीने केली.

त्याआधीच्या आठवड्यात, २५ ते २८ एप्रिल असे चार दिवस, कामावर सुकडी वाटली गेली नव्हती. ट्रक आला नाही, असे आबारावने मजुरांना सांगितले होते. गुरुजींना हे माहीत होते. त्याच दिवसांत शाळेची वार्षिक परीक्षा होती, आणि तिसरीतली दोन मुले पेपर अर्धा टाकून बाकावर डोके टेकून झोपली होती. एकाला गुरुजींनी घरून भाकरी आणून दिली होती.

रविवारी गुरुजींच्या घरी शेजारच्या दोघी आल्या आणि साडेतीनशे लाडू वळले गेले. त्या दोघींच्याही घरांत पगार होता. चव घेऊन त्या म्हणाल्या, वेलदोड्याने बहार आली.

मंगळवारी सकाळी मजूर तलावावर गेले, पण कुणी पाटी उचलली नाही. भिमाबाईने पदराची गाठ सोडून लाडू भरावाच्या दगडावर ठेवला. मग इतर बायकांनीही ठेवले. अकराच्या सुमारास नायब तहसीलदारांची जीप आली. त्यांनी एक लाडू फोडून पाहिला, हुंगला आणि कागदात बांधून घेतला. गोदाम उघडले. सहा गोण्या कमी होत्या.

"किल्ली कुणाकडं असते?"

आबाराव म्हणाला, "एक माज्याकडं, एक राखणदाराकडं. रातचा तिथं पिराजीच असतो."

पिराजी पुढे आला. "म्या कुलूप राखलंय साहेब. चेअरमनसाहेब दिवसाढवळ्या गोण्या काढत्यात, तवा म्या कोण अडवणार? ट्रक आला व्हता. म्याच उतरवलाय."

"ह्याला इचारा, मग गुरुजींच्या घरी पीठ कुणी पोचवलं?" आबाराव शांतपणे म्हणाला. "हाच दोन पैसं सुटावं म्हणून इकत फिरला आसंल."

नायब तहसीलदार शाळेत आले. गुरुजी कचेरीच्या खोलीत निकालपत्रके लिहीत होते. दाराबाहेर चाळीसपन्नास माणसे उभी होती. पिराजी सर्वांत पुढे होता.

"गुरुजी, लाडवाचं पीठ कुठून आणलंत?"

गुरुजींनी लेखणीला टोपण लावले. "घरच्यांनी जमवलं. लग्नाची गडबड होती. मला नक्की सांगता येणार नाही."

"कुणी आणून दिलं, आठवतं का?"

"नाही आठवत."

पिराजी त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मान खाली घातली. गुरुजींच्या वतीने जणू त्यालाच लाज वाटली होती. त्याच दुपारी त्याला राखणदारीवरून काढले. शुक्रवारी ११ तारखेला उस्मानाबादेत तहसील कचेरीत जबाब होतील, तोवर त्याने आणि भिमाबाईने कामावर यायचे नाही, असे ठरले. चोरी शाबीत झाली तर गुन्हा नोंदला जाणार होता.

त्या दिवसापासून गुरुजी मधल्या गल्लीने जाईनासे झाले. शाळेत जायला ते गावाबाहेरून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वळसा घालत. तिथे त्यांना शांताक्काची सून भेटली. तिने पदर नीट केला, वाट सोडून बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाईनी लाडू खाल्ला बरं का गुरुजी. मऊ व्हता म्हणाल्या." तिने हे टोमण्याने म्हटले की सरळ, ते गुरुजींना कळले नाही. ते "बरं" म्हणाले आणि पुढे गेले.

बुधवारी सकाळी भिमाबाई त्यांच्या दारात आली. ओसरीवर चढली नाही. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "वर ये ना." ती म्हणाली, "हितं बरं हाय."

गुरुजी बाहेर आले.

"गुरुजी, तुमी वही केली व्हती. म्या बोलले ते लिवलं व्हतं, वाचूनबी दावलं व्हतं."

"व्हय."

"त्यात सगळंच लिवलं आसंल. कुणी काय आणलं, कुणी काय दिलं. तुमी काय सोडणाऱ्यातले न्हाय."

गुरुजींनी मागे वळून घरात पाहिले.

"ती वही सायबाला दावा. तुमी तोंडानं बोलू नगा वाटलं तर. वहीच बोलंल."

"शोधावी लागेल. पसाऱ्यात कुठं..."

"शोधा की. तुमची चीज हारवत न्हाय, सगळ्या गावाला ठावं हाय." ती जायला वळली आणि पुन्हा फिरली. "एकच पंगत म्हणला व्हता तुमी. म्या घरी जाऊन ह्यास्नी सांगितलं, माणूस बोलतो तसा वागतो. आता हे मला इचारत्यात, तूच सांगितलंस न्हवं?"

ती गेल्यावर चंद्रप्रभाबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. वही देवघराच्या कोनाड्यात, पंचांगाखाली होती. दोघांनाही ते माहीत होते.

"मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"आता ते काढू नकोस."

"मी नाही काढत. पण उलटी गोणी तुम्हीही पाहिलीत. मला सांगू नका की नाही पाहिली."

गुरुजी म्हणाले, "पाहिली." या प्रकरणी त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द होता. चंद्रप्रभाबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी आबाराव आला. ओसरीवर मांडी घालून बसला, चहा घेतला, ताईच्या सासरची चौकशी केली.

"व्याही मोठे मानाचे हायत म्हणं. देवीच्या दारातलं घराणं. त्यास्नी लाडू लई आवडले."

"आबाराव, त्या पिराजीनं काही केलेलं नाही."

"न्हाय केलं तर सुटंल की. सरकार हाय, न्याय हाय." त्याने कप खाली ठेवला. "आन् गुरुजी, ती बाई वही मागत फिरती म्हणं. कशाला जुन्या वह्या सांबाळता? चूल पेटवायला बऱ्या. ताईच्या सासरी उद्या कुणी म्हणलं, मजुरांच्या तोंडची सुकडी आमच्या पानात वाढली, तर पोरीनं कुठं बघावं?"

तो नेहमीप्रमाणे पाया पडून गेला. त्याला बाराखडी गुरुजींनीच शिकवली होती.

गुरुवारी सरोजिनीचे पोस्टकार्ड आले. मजकूर सहा ओळींचा होता. ती खुशाल आहे, पाण्याची इथेही ओढ आहे. शेवटी लिहिले होते: "सासूबाईंना आपल्याकडचे लाडू फारच आवडले. कृती विचारतात. आईने प्रमाण लिहून पाठवावे." गुरुजींनी कार्ड दोनदा वाचले. मग ते उठले, अंगणात गेले आणि रिकाम्या रांजणाकडे पाठ करून उभे राहिले. चंद्रप्रभाबाईंनी कार्ड वाचले आणि पंचांगाखाली ठेवले. तेव्हा वही तिथे होती.

शुक्रवार, ११ मे. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांच्या एसटीने गुरुजी निघाले. खांद्याला शाळेची खाकी पिशवी होती. त्याच गाडीत मागच्या बाकावर पिराजी आणि भिमाबाई होती. बेंबळीला गाडी थांबली तेव्हा गुरुजी उठून उभे राहिले, खिडकीतून बाहेर पाहिले आणि पुन्हा बसले.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात लांब बाक होता. दहा वाजता पिराजी आणि भिमाबाई त्याच्या एका टोकाला बसली. थोड्या वेळाने गुरुजी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये चार माणसांची जागा मोकळी राहिली. आबाराव साडेदहाला मोटारसायकलवर आला आणि थेट आत गेला. त्याचा जबाब पाऊण तास चालला. तो बाहेर आला तेव्हा त्याने गुरुजींना वाकून नमस्कार केला.

पिराजीला आत बोलावले. बाकावर भिमाबाई आणि गुरुजी दोघेच उरले.

भिमाबाई समोर पाहत म्हणाली, "वही घावली का गुरुजी?"

गुरुजींनी पिशवी खांद्यावरून काढली. ते सरकत तिच्याजवळ आले, पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "हिच्यावर लक्ष ठेव. मी पाणी पिऊन येतो."

पाण्याचा रांजण व्हरांड्याच्या टोकाला, बाकावरून दिसेल असा होता. गुरुजी त्याच्यापाशी थांबले नाहीत. ते पायऱ्या उतरून फाटकाकडे गेले.

भिमाबाईने पिशवी चाचपली. आत काहीतरी चौकोनी होते. पिशवीचे बंद तिने सोडले नाहीत. तिला वाचता येत नव्हते, आणि माणूस आपली पिशवी राखायला देऊन गेला होता.

बाराला दहा मिनिटे असताना पिराजी बाहेर आला. शिपायाने दारात उभे राहून गुरुजींचे नाव पुकारले. पाच मिनिटांनी पुन्हा पुकारले. पिराजी फाटकापर्यंत जाऊन आला. रस्त्यावर ऊन होते, समोरच्या हॉटेलात गुरुजी नव्हते. स्टँडवर बेंबळीची गाडी लागलेली होती, तिच्यात कोण बसले आहे ते तिथून दिसत नव्हते.

त्या वेळी गावात चंद्रप्रभाबाईंनी देवघराच्या कोनाड्यातले पंचांग उचलून पाहिले. खाली पोस्टकार्ड होते. वही नव्हती. सकाळी चूल त्यांच्याआधी गुरुजींनीच पेटवली होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी शिपायाने तिसऱ्यांदा नाव पुकारले. भिमाबाई पिशवी उराशी धरून उठली आणि त्याच्याकडे निघाली.